प्रतोदपद घ्यावं की सभागृह गाजवावं?
पक्षनेता व्हायचंय, पण वाट कोणती: प्रतोद (व्हिप), म्हणजे आपल्या पक्षाच्या सदस्यांकडून पक्षाच्या भूमिकेप्रमाणे मतदान करवून घेणारा, व्हायचं की भाषणांनी छाप पाडायची, हा पेच नव्या लोकप्रतिनिधीपुढे असतोच.

आधी किती वेळ लागतो ते पाहा. ब्रिटनचे एडवर्ड हीथ १९५५ मध्ये मुख्य प्रतोद झाले, पक्षनेते १९६५ मध्ये. डेव्हिड कॅमेरून २००१ मध्ये खासदार झाले आणि २००५ मध्ये, कागद न बघता केलेल्या भाषणाने हवा फिरवून, थेट नेते.

पाया मात्र मला प्रतोदाचाच पक्का वाटतो. कोण नाराज आहे, कोणाला कुठली समिती हवी, मतं कुठे फुटतील, हे त्याला आधी कळतं. अमेरिकेत लिंडन जॉन्सन १९५१ मध्ये प्रतोद होते, १९५५ मध्ये सिनेटमधले बहुमताचे नेते! किंमत एकच, पण जड: स्वतःचं मत गिळावं लागतं.

नेता सभागृहातले सहकारी निवडत असतील तर प्रतोदपद घ्या. पक्षाचे सामान्य सदस्य मत देत असतील तर बोलायला उभे राहा.