माझा पंप मला दुसऱ्याच्या घरी भेटला

गणपतीच्या दर्शनाला अलिबागजवळ चौलला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. आरती झाली, मोदक झाले, आणि मग बंगलेवाले एकत्र आले की जे सुरू होतं ते सुरू झालं. माळी टिकत नाही, लाइट जाते, पूलचं पाणी हिरवं पडतं. "आणि पंप तर मेमध्येच बसवलाय हो," ते म्हणाले. "या, दाखवतो."

मागच्या खोलीत निळ्याशार ऑइलपेंटमध्ये न्हाऊन निघालेला पंप घरघरत होता. पूलच्या पंपाला पुढे गाळणी असते, तिचं झाकण पारदर्शक असतं. आत वाकून पाहिलं तर जाळीच्या टोपलीला कडी म्हणून पिवळी नायलॉनची दोरी बांधलेली. दुहेरी गाठ, टोकं मेणबत्तीवर जाळून काळी झालेली. ती गाठ आमच्या हिने मारली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा कापून.

चार महिन्यांपूर्वी "जळालाय, भंगार आहे" म्हणून मी स्वतः हात लावून टेम्पोत चढवून दिलेला पंप होता तो.

आमचा छोटा बंगला नागावला आहे. पूल जेमतेम २२ फूट बाय १२, खोली ४ फूट. म्हणजे साधारण ३० हजार लिटर पाणी. पाऊण एचपीचा पंप सात वर्षं बिनतक्रार चालला. शेवटच्या वर्षी बेअरिंग वाजायला लागलं होतं आणि सीलमधून थेंब थेंब पाणी गळायचं. समुद्राची हवा आणि क्लोरीनचं पाणी, लोखंड किती तग धरणार! बदलायला झाला होता, हे मलाही मान्य आहे. माझी चूक ती नव्हे.

मेच्या मधल्या आठवड्यात, गुरुवारी, बटण दाबलं तर पंप नुसता हूं हूं करत राहिला, फिरेना. थोड्या वेळाने एमसीबी पडला. शनिवारी बारा पाहुण्यांचं बुकिंग, त्यात सहा पोरं. नेहमीचा वायरमन लग्नाला गावी गेलेला. फोनवर शोधलं, पहिला नंबर दिसला तो लावला. दोन तासांत माणूस हजर. इस्त्रीचा टी-शर्ट, पाठीवर कंपनीचं नाव, बोलायला अगदी गोड.

त्याने टर्मिनलचं झाकण उघडलं, मीटर काढला आणि दोन वायरींना दोन टोकं लावली. मीटरने पीं केलं. "ऐकलंत का काका? शॉर्ट आहे. वाइंडिंग गेलं." पुन्हा लावलं, पुन्हा पीं. मग म्हणाला, वास घ्या. मी घेतला. जळका होता खरा.

इथे जरा थांबतो, कारण फसवणूक या पीं मध्येच आहे. सिंगल फेजच्या मोटरचं वाइंडिंग म्हणजे तांब्याची लांबलचक तार. तिचा रोध काही ओहमच असतो. मीटर बझरवर ठेवून तिच्या दोन टोकांना लावला तर धडधाकट मोटरही पीं करणारच. ते वाइंडिंग शाबूत असल्याचं लक्षण झालं! एक टोक वायरीला आणि दुसरं मोटरच्या बॉडीला लावल्यावर पीं झालं असतं, तर घाबरायचं कारण होतं. ते त्याने केलंच नाही. आणि हूं हूं करून न फिरणारी मोटर म्हणजे बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. दीडदोनशे रुपयांची डबी. फुगून फुटली की तिचाही जळका वास येतो. हे सगळं मला नंतर रेवदंड्याच्या वायरमनने समजावलं. मेमध्ये यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि मी बी.कॉम. असूनही मान अशी डोलवली की जणू मोटरी गुंडाळण्यातच हयात गेली.

"रिवाइंडिंगला चार दिवस लागतील, गॅरंटी नाही," तो म्हणाला. "आणि शनिवारी तुमचे गेस्ट आहेत ना?" बुकिंगचं मीच त्याला फोनवर सांगून बसलो होतो. गाडीत योगायोगाने एक पंप तयारच होता. दोन एचपी, "इम्पोर्टेड". मी म्हटलं, आमचा तर पाऊणचा होता. "काका, मोठा पंप म्हणजे पाणी काचेसारखं." फिटिंगसकट ४०,०००, जुन्याचे दीड हजार वजा, ३८,५००. क्यूआर कोड दाखवला, त्यावर भलतंच नाव आलं. "भाच्याचं खातं आहे." हिने मागून माझा शर्ट ओढला. मी पैसे पाठवून मोकळा झालो.

शनिवार छान गेला, हेही सांगायला हवं. पोरं दिवसभर पाण्यात होती.

रविवारी पाहुणे गेल्यावर पायऱ्यांवर बारीक वाळू दिसली. पोरांनी किनाऱ्यावरून आणली असेल म्हणून झाडली. बुधवारी पुन्हा तेवढीच. फिल्टरवरचा दाबाचा काटा पूर्वी ०.८ वर असायचा, आता दोनला टेकत होता. आमचा फिल्टर सोळा इंची, पाणी गाळायला आत वाळू भरलेली. त्यातून ताशी सहा-सात हजार लिटर पाणी नीट गाळून जातं. तीस हजार लिटरच्या पूलला तेवढं पुष्कळ होतं, सहा तासांच्या आत सगळं पाणी एकदा फिरून यायचं. दोन एचपीने त्याच्या दुपटीहून जास्त पाणी ढकललं, फिल्टरच्या तळाच्या बारीक चिरांच्या नळ्या फुटल्या आणि वाळू पूलमध्ये. वर महावितरणचं बिल. जुना पंप आठ तासांत सहा-सात युनिट खायचा, हा पंधरा-सोळा खातो.

त्याला फोन केला. "वाळू सेट होतेय काका, पंधरा दिवस द्या." पंधरा दिवसांनी फोन बंद.

मग बिल काढून बघितलं. वर ठळक अक्षरात "कोटेशन" लिहिलेलं, खाली जीएसटी नंबर. हिने चष्मा लावून मोजला. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. याचा सुरू २७ नेच होत होता, पण भरला चौदाच. पोर्टलवर टाकून बघायचीही गरज उरली नाही. पंपाचा सिरियल नंबर त्यावर नव्हता, वॉरंटीचा तर प्रश्नच नाही. आयुष्यभर लोकांच्या पावत्या तपासून पगार घेतला मी. स्वतःची पावती महिन्याने वाचली.

तर चौलच्या त्या पंपाकडे परत येतो. नेमप्लेटवरही निळा रंग फासलेला होता. थिनरच्या बोळ्याने पुसली, मुलीला फोन करून फाइलीतल्या वॉरंटी कार्डचा फोटो मागवला. सिरियल नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. यजमानांचा चेहरा उतरला. त्यांनाही तोच इस्त्रीचा टी-शर्टवाला भेटला होता, आमच्यानंतर पाचव्या दिवशी. "रिकंडिशन्ड, कंपनीचा माल" म्हणून ११,००० घेतले होते.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या वायरमनला बोलावून दोघांच्या देखत पंप खोलला. वाइंडिंग मूळचंच, वार्निश जसंच्या तसं. कपॅसिटर नवा, दोन बेअरिंगं नवी, सील नवं. "दोन-अडीच हजारांचं काम आहे साहेब, मजुरी धरून." त्याने स्वतःचे तीनशे घेतले.

पाणी हिरवं का पडतं तेही त्यानेच सांगितलं. चौलचा पूल ३५ फूट बाय १५, सरासरी खोली साडेचार. म्हणजे ६५ हजार लिटरच्या वर. एवढं पाणी फिरवायला आमचा पाऊण एचपी म्हणजे म्हशीच्या पाठीला टॉवेल. आणि फिल्टर मात्र चोवीस इंची, ऐसपैस. म्हणजे त्या पठ्ठ्याने छोट्या पूलला मोठा आणि मोठ्या पूलला छोटा पंप बसवला होता. गाडीत जो होता तो.

१९१५ वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नोंदवून घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयचा तपशील, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, फोटो हे सगळं जोडता येतं. मी सगळ्याच्या प्रिंट काढून ठेवल्यात. अडचण एकच, जुना पंप दुरुस्त होण्यासारखा होता याचा पुरावा मी दीड हजारांत टेम्पोत घालून दिला होता. तो गणपतीने परत दाखवला म्हणून, नाहीतर माझ्याकडे सांगायला होतं काय? "मला वाटतं, वाइंडिंग जळालं नसावं"? आता दोघं मिळून एकच तक्रार करायची का वेगवेगळ्या, यावर आमचं अजून ठरत नाही. चौलकरांना वकील लावायचाय, मला नाही.

पंपांचं मात्र विसर्जनाच्या आधीच ठरलं. अदलाबदल. माझा दोन एचपी त्यांच्याकडे, त्यांचा, म्हणजे माझाच, पाऊण एचपी माझ्याकडे. वरचे पैसे किती यावरून जरा ताणाताणी झाली. शेवटी हिने आणि त्यांच्या मंडळींनी स्वयंपाकघरात बसून आकडा काढला, तो आम्ही मुकाट मान्य केला. फुटलेल्या नळ्या आणि नवी वाळू यांचे ४,२०० मात्र माझ्याच खिशातून गेले.

पंप घरी आल्यावर हिने आधी झाकण उघडून टोपली बाहेर काढली. दोरी ओढून बघितली. "गाठ माझीच आहे," म्हणाली, "पण टोपली यांनी चार महिन्यांत एकदाही धुतलेली दिसत नाही."