पाण्याचा स्मार्ट मीटर दहा महिने वापरल्यावर: चरईतल्या सोळा घरांचा अनुभव

ठाण्यात चरईतली आमची इमारत चार मजल्यांची. घरं सोळा, माणसं अठ्ठावन्न. माणसांचा आकडा मुद्दाम सांगते आहे, पुढे तो लागणार आहे. मी सोसायटीची खजिनदार. फेब्रुवारीत आमच्या नळजोडणीवर स्मार्ट मीटर बसला, आणि तेव्हापासून रोज सकाळी पाणी गेलं की त्याचा आकडा मी वहीत उतरवते. आता डिसेंबर लागला. दहा महिन्यांची वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

मीटर येण्याआधी बिल घराच्या क्षेत्रफळावरून यायचं. पाणी किती वापरलं याचा त्या बिलाशी काहीच संबंध नव्हता. गेटजवळच्या चेंबरमध्ये जुना मीटर होता, पण त्याची काच धुरकटलेली आणि काटा कित्येक वर्षं एकाच जागी. त्यामुळे नवा मीटर म्हणजे बिल वाढणार, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. पहिलं बिल खरोखरच जवळपास दीडपट आलं. विशेष सभा बोलवावी लागली आणि तिथे बरंच ऐकून घ्यावं लागलं.

त्या सभेत तळमजल्यावरच्या काकांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं, आणि येण्याआधी नळातून फुसफुस हवा येते. शटडाऊनच्या, म्हणजे पुरवठा बंद ठेवल्याच्या, दुसऱ्या दिवशी तर कितीतरी वेळ नुसती हवाच. मग त्या हवेचे पैसे आपण का भरायचे? जुन्या पद्धतीच्या मीटरमध्ये आत पंखा असतो. तो पाण्याने फिरतो तसाच हवेनेही फिरतो, त्यामुळे तिथे ही तक्रार खरी ठरते. आमच्याकडे बसलेला मीटर अल्ट्रासॉनिक आहे. त्यात फिरणारा भागच नाही. आवाजाची एक लहर पाण्याच्या दिशेने जाते, दुसरी उलट दिशेने येते. प्रवाहाबरोबर जाणारी लवकर पोचते, उलटी येणारी उशिरा, आणि त्या वेळेच्या फरकावरून पाण्याचा वेग मोजला जातो. पाइपात पाणी भरलेलं नसेल तर लहर पलीकडे नीट पोचतच नाही आणि आकडा थांबतो. काकांचा विश्वास बसेना, म्हणून मेमधल्या शटडाऊननंतर सकाळी आम्ही दोघं चेंबरपाशी उभे राहिलो. पाइपातून हवेचा आवाज स्पष्ट येत होता आणि डिस्प्लेवरचा शेवटचा आकडा हलत नव्हता. पाणी आल्यावर तो चालू झाला. त्यानंतर सोसायटीत हवेचा विषय निघाला नाही.

मनस्ताप झाला तो पावसाळ्यात. आमचं चेंबर रस्त्याच्या पातळीखाली आहे, वर बिडाचं जाड झाकण. जुलैमध्ये चेंबर पाण्याने भरलं. मीटर सीलबंद असल्याने त्याला काही झालं नाही, पण पाणी आणि लोखंड यांतून त्याचा रेडिओ सिग्नल बाहेर पडेना. ॲपवर सव्वीस दिवस एकच आकडा दिसत राहिला, आणि महिनाअखेरीस सरासरीवर काढलेलं बिल आलं, तेही जास्तीचं. तक्रार नोंदवली, तीन वेळा पाणी खात्यात जाऊन आले. पहिल्या दोन खेपांना ‘सिस्टीममध्ये रीडिंग नाही’ एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्या खेपेला वही नेली आणि डिस्प्लेचे तारखेसह काढलेले फोटो दाखवले, तेव्हा समोरच्या बाईंनी ते नीट पाहिले आणि अर्ज घेतला. सप्टेंबरात झाकण बदलून फायबरचं बसवलं, तेव्हापासून रीडिंग रोज येतं. म्हणून ज्यांच्याकडे हा मीटर नुकताच बसला आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ॲप असलं तरी दर महिन्याच्या एक तारखेला डिस्प्लेचा फोटो काढा. एक युनिट म्हणजे हजार लिटर, आणि स्वल्पविरामानंतरचे आकडे लिटर दाखवतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

ॲप दिसायला चांगलं आहे. तासातासाचा आलेख येतो, आदल्या दिवशीचा. पण त्यातला गळतीचा इशारा आपल्या शहराच्या पद्धतीला धरून नाही. पाणी सलग चोवीस तास वाहत राहिलं तर तो वाजतो. जिथे दिवसरात्र पाणी येतं तिथे हे बरोबर आहे, कारण रात्री सगळे झोपल्यावरही मीटर चालू असेल तर कुठेतरी गळतं आहे हे उघड आहे. आमच्याकडे पाणी सकाळी तीन तास आणि संध्याकाळी दीड तास. उरलेला वेळ मीटर शून्यच दाखवणार. मीटरमधून आलेलं पाणी जिच्यात साठतं ती जमिनीखालची टाकी चाळणीसारखी गळत असली तरी तो इशारा कधीच वाजणार नाही. आणि आमची गळतच होती.

ते कळलं गणपतीत. आमच्या इमारतीत कोकणातली घरं बरीच. यंदा गणपतीला अठ्ठावन्नातली छत्तीस माणसं गावी गेली, बावीस उरली. खालची टाकी रोज बॉलकॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा) बंद होईपर्यंत भरते, म्हणजे मीटरचा रोजचा आकडा हा आदल्या दिवसात टाकीतून गेलेल्या पाण्याचाच आकडा. एरवी तो ११,५०० लिटरच्या आसपास असे. माणसं निम्म्याहून कमी झाली, तेव्हा तो साडेचार हजारांवर यायला हवा होता. पाच दिवसांची सरासरी आली ६,९००. दोन घरांत गणपतीचे पाहुणे होते, ते धरूनही एवढा फरक पटेना. मग वहीत गणित मांडलं. छत्तीस माणसं गेल्यावर ४,६०० लिटर कमी झाले, म्हणजे माणशी रोज सुमारे १२८ लिटर. शहरात माणशी १३५ लिटरचं प्रमाण धरतात, त्याच्याशी हे जुळत होतं. अठ्ठावन्न माणसांचे झाले साधारण ७,४००. मग ११,५०० मधले उरलेले चार हजार लिटर रोज कोण वापरत होतं? माणसं असोत वा नसोत, तो चार हजारांचा आकडा तसाच राहत होता. तो माणसांचा नव्हताच.

घरातल्या वापराची शंका आधी फिटवली. सगळ्या घरांत फ्लशच्या टाक्यांत रंग टाकून पाहिला. एकच गळकी निघाली. मग प्लंबरच्या सांगण्यावरून रात्री बारा वाजता पंप बंद, वर जाणारा वॉल्व्ह बंद, आणि खालच्या टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या कडेला खडूने रेघ. पहाटे पाचला, पाणी यायच्या आधी, झाकण उघडून बॅटरी मारली. रेघेच्या खाली पाच सेंटीमीटर कोरडी भिंत दिसत होती. टाकी चार मीटर बाय चार मीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला १६० लिटर. पाच तासांत आठशे लिटर जमिनीत गेले होते. दिवसाचे किती होतात ते तिथेच बोटांवर मोजलं, आणि वहीतला आकडा आणि हा आकडा जवळजवळ एकच निघाला तेव्हा मला खरंच भरून आलं. ही टाकी तीस वर्षांची आहे. त्यातली किती वर्षं हे चाललं होतं?

हे पाणी कुठून येतं याचा विचार केला की ते जास्त लागतं. भातसा नदीचं पाणी पिसे इथल्या बंधाऱ्यावरून उचलायचं, टेमघरच्या केंद्रात शुद्ध करायचं, मोठाल्या वाहिन्यांतून ठाण्यापर्यंत आणायचं, आणि आमच्या गेटच्या आत आल्यावर ते मातीत जिरायचं. माझी धाकटी बहीण घोडबंदर रोडला राहते. त्यांच्या संकुलात उन्हाळ्यात दहा हजार लिटरचे टँकर विकत घेतात. आमची महिन्याची गळती तसल्या बारा टँकरांची होती.

दुरुस्ती नवरात्रानंतर केली. टाकी रिकामी करून घासली तेव्हा पंपाचा सक्शन पाइप जिथून भिंतीतून जातो तिथलं सिमेंट झडलेलं सापडलं, हाताची दोन बोटं आत जातील एवढं. प्लंबर म्हणाला, पाणी इथून बाहेर जातं तसं टाकी अर्धी असताना बाहेरचं घाण पाणी इथूनच आतही येऊ शकतं. हे ऐकून बिलाचा विचार मागे पडला. आमच्या इमारतीत दोन तान्ही मुलं आहेत. वॉटरप्रूफिंगला तीन दिवस गेले, तेवढे दिवस गच्चीवरच्या टाक्या आणि घरोघरच्या पिंपांवर काढले. कुणीही कुरकुर केली नाही. नोव्हेंबरभर मीटरचा रोजचा आकडा ७,५०० च्या आसपास राहिला, आणि बिल क्षेत्रफळाच्या काळापेक्षा किंचितच जास्त आहे.

बिलाची वाटणी मात्र अजून सुटलेली नाही. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमांप्रमाणे) पाण्याचा खर्च प्रत्येक घरातल्या नळांची संख्या आणि आकार पाहून वाटायचा. आमच्याकडे सगळी घरं सारखी, म्हणून सगळ्यांना सारखं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात आणि सात माणसांच्या घराइतकेच पैसे भरतात. त्या कधी बोलल्या नाहीत, पण मला ते बरोबर वाटत नाही. घरोघरी वेगळा मीटर लावायचा तर आमच्या जुन्या बांधणीत प्रत्येक घराला तीन ठिकाणांहून पाणी येतं, म्हणजे तीन मीटर. तो खर्च परवडणारा नाही. माणसांच्या संख्येचा विचार व्हावा असा प्रस्ताव मी येत्या सर्वसाधारण सभेसाठी लिहून ठेवला आहे.

जुलैचं जादा बिल अजून दुरुस्त होऊन आलेलं नाही, त्या अर्जाची पोच वहीत चिकटवली आहे. आणि समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरी वहिनी परवा वही बघून गेल्या. त्यांच्याकडे गणपतीला कुणी गावाला जात नाही, त्यामुळे माणसांचं गणित त्यांना लावता येणार नाही. येत्या शनिवारी रात्री बारा वाजता त्यांच्या टाकीवर आम्ही दोघी खडू घेऊन जाणार आहोत.