उडते पक्षी टिपायला कोणता मोड: ॲपर्चर प्रायॉरिटी की मॅन्युअल अधिक ऑटो आयएसओ?

उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला नावेत बसून पक्षी टिपणाऱ्यांमध्ये हे दोन पक्ष हमखास भेटतात. मी दोन्ही मोड मनापासून वापरले आहेत. पहिल्यात ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं छिद्र (एफ/६.३ सारखा आकडा), आपण ठरवतो आणि शटरचा वेग कॅमेरा; दुसऱ्यात ही दोन्ही आपण ठरवतो आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, कॅमेरा.

काठावर निवांत उभा चित्रबलाक किंवा राखी बगळा असेल, तर ॲपर्चर प्रायॉरिटी उत्तम. एफ/६.३ आणि आयएसओ ८०० लावला की शटरचं कॅमेरा बघून घेतो. ऊन वाढलं तर शटर आणखी वेगवान होतं, आपलं काही बिघडत नाही.

अडचण येते ती नदी सुरय (टर्न) हा पक्षी उडायला लागल्यावर. तो आकाशासमोर असतो तेव्हा शटर १/२५०० सेकंद असतं. खाली येऊन काठावरच्या बाभळींच्या गर्द रांगेसमोरून गेला, की कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला अंधार दिसतो आणि कॅमेरा परस्पर १/६४० वर उतरतो. पक्ष्यावरचं ऊन तेवढंच असतं, बदललेली असते ती फक्त पार्श्वभूमी. व्ह्यूफाइंडरमध्ये आकडा दिसतो खरा, पण त्या वेळी आकड्याकडे कोण बघतं? पाण्यात सूर मारतानाची नेमकी हवी ती फ्रेम मोठी करून पाहावी, तर डोळा धारदार आणि पंखांची टोकं फरकटलेली. या एका गोष्टीने मला फार वैताग दिला.

मॅन्युअलमध्ये १/२००० आणि एफ/६.३ पक्कं केलं, की तोच फरक आयएसओवर पडतो. बाभळी मागे आल्या की तो ६४० वरून २५०० वर जातो. नॉइज (फोटोतले दाणे) वाढतो, पण तो सॉफ्टवेअरने बराच निवळतो. फरकटलेल्या पंखाला नंतर धार आणता येत नाही.

मीटर मात्र इथेही फसतोच. गर्द पार्श्वभूमीवर पांढरा पक्षी आला की पिसांचा तपशील उडतो, म्हणून मी साधारण उणे एक स्टॉप कॉम्पेन्सेशन देतो, म्हणजे मीटर सांगतो त्याच्या निम्मंच एक्स्पोजर घ्यायला लावतो. काही जुन्या कॅमेरा बॉडींवर मॅन्युअल-ऑटो आयएसओच्या जोडीला कॉम्पेन्सेशन चालतच नाही. तुमची तशी असेल, तर कदाचित ॲपर्चर प्रायॉरिटीच सोयीची पडेल. ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर १/१६०० ठेवता येत असेल, तर माझी तक्रारही बरीचशी मिटते.

ज्याच्या बॉडीवर दोन्ही सोयी आहेत, त्याने निदान उडत्या पक्ष्यांसाठी तरी मॅन्युअल-ऑटो आयएसओ लावून पाहावा. मी तोच सी१ वर (डायलवरच्या, आपली सेटिंग साठवायच्या जागी) साठवून ठेवला आहे.