सुपरमार्केटमधली नोकरी कशी आहे?

नाशिकमधल्या एका मोठ्या सुपरमार्केट साखळीत मी आधी फ्लोअरवर आणि मग बिलिंगला होते. सिडको, सातपूर, अंबडकडच्या बऱ्याच मुली बारावीनंतर याच कामाला लागतात. म्हणून दुकानाचा नाही, तिथल्या नोकरीचा रिव्ह्यू लिहितेय.

आधी चांगलं सांगते. पगार दर महिन्याला खात्यात यायचा, मागावा लागला नाही. मेनरोडच्या कपड्याच्या दुकानात होते तेव्हा स्वतःचाच पगार शेठकडे उचल मागितल्यासारखा मागावा लागायचा. इथे पीएफ होता, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमाही होता. महिन्याला 21,000 पर्यंत पगार असला की ईएसआय लागू होतं, आपल्या पगारातून फक्त 0.75 टक्के जातात. आईला दाखवायला सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये नेता आलं, हे माझ्यासाठी फार मोठं होतं.

फ्लोअरचं काम मला आवडायचं. जुना माल पुढे, नवा मागे, तारीख बघून रॅक लावायचा. डाळीचं पाकीट कुठे फाटलंय, कुठल्या दह्याची तारीख जवळ आलीय, हे आठवड्याभरात नजरेला कळायला लागतं.

बिलिंग मात्र अंगावर येतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीआधी रांग तेलाच्या डब्यांपर्यंत जाते. कोणीतरी वजनाचं स्टिकर न लावताच भेंडी आणतं, "ताई, मारा ना अशीच" म्हणतं, आणि मागचे लोक माझ्यावर चिडतात. यूपीआयचे पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून कटतात, मशीनवर येत नाहीत, तेव्हाही बोलणी कॅशियरच खाते. रात्री टॅलीत कॅश शॉर्ट आली की तुमच्याकडून भरून घेतात. पन्नास रुपये का असेना, पोटात खड्डा पडतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे उभं राहणं. पूर्ण शिफ्ट उभं. काउंटरवर कोणी नसलं तरी बसायचं नाही, कारण बसलेली मुलगी गिऱ्हाइकाला आळशी दिसते म्हणे. ब्रेकमध्ये आम्ही स्टोअररूममध्ये साबणाच्या खोक्यांवर बसून चपला काढायचो. टाचा ठणकायच्या, घोट्यांवर सॉक्सचा वळ खोल उठलेला असायचा. माझ्यासोबतच्या एकीच्या पिंढऱ्यांवर निळ्या शिरा वर आल्या होत्या, तिला डॉक्टरांनी उभं राहणं कमी करायला सांगितलं. ती काय करणार? केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायलाच हवी असा कायदा केला. केरळमधल्या बायकांनी त्यासाठी आंदोलनं केली होती. स्कॅनिंग बसूनही तितक्याच वेगाने होतं. एका स्टुलाचा खर्च तो किती!

सुट्टीचंही नीट समजून घ्या. शनिवार-रविवार विसरा, 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला सेल असतो, म्हणजे त्या दिवशी तर यायलाच लागतं. आपल्या राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय हवी. आमच्याकडे क्लोजिंग लांबलं की भाऊ घ्यायला यायचा. ज्यांना भाऊ नाही त्या शेअर रिक्षा शोधत उभ्या राहायच्या. हे मला आजही पटत नाही.

जॉइन होणार असाल तर लेटरवर नाव कोणाचं आहे ते आधी वाचा. बऱ्याच जणी युनिफॉर्म साखळीचा घालतात, पण कागदावर एखाद्या एजन्सीच्या असतात. मग पगारवाढ विचारली की मॅनेजर एजन्सीकडे बोट दाखवतो आणि एजन्सीवाला फोन उचलत नाही. पीएफचा यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा तुमचा पीएफ नंबर, पहिल्याच महिन्यात मागून घ्या आणि मोबाइलवर पासबुक उघडून पैसे खरंच जमा होताहेत का ते बघत राहा.