धार मोजण्याआधी कातडी पाहणारा दवाखाना

सोलापुरातील एका खासगी मूत्ररोग दवाखान्यात मी गेली अडीच वर्षे उपचार घेत आहे. दवाखान्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिले तर डॉक्टरांपेक्षा आधी मलाच लोक ओळखतील आणि आजार असा आहे की त्याची चर्चा कट्ट्यावर होऊ नये असे वाटते. आजाराचे नाव लायकेन स्क्लेरोसस, आणि त्यातून झालेले मूत्रमार्गाचे आकुंचन.

सुरुवातीला पुढची कातडी घट्ट होऊ लागली, तिच्यावर पांढरे चट्टे आले आणि बारीक चिरा पडून जळजळ होऊ लागली. औषधाच्या दुकानातून मिळालेली बुरशीवरची मिश्र मलमे मी लावत राहिलो, मधुमेह असेल म्हणून साखर दोनदा तपासली, ती दोन्ही वेळा ठीक निघाली. पुढे लघवीची धार बारीक झाली, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी 14 महिन्यांत तीनदा मूत्रमार्गात सळया घालून वाट रुंद करण्यात आली. दरवेळी तीन-चार महिने बरे जात आणि धार पुन्हा दोऱ्यासारखी होई. तिथे कातडीकडे मात्र कोणी नीट पाहिले नाही.

या दवाखान्यातील पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी कोणतेही यंत्र लावण्याआधी दिव्याच्या उजेडात कातडी आणि मूत्रमार्गाचे तोंड शांतपणे तपासले आणि बाहेरचे पांढरे चट्टे व आतली अरुंद वाट हे एकाच रोगाचे काम आहे, असे सांगितले. हा कातडीचा दीर्घकाळ चालणारा दाह आहे, त्यात कातडी पांढरी आणि ताठर होते, आणि पुरुषांमध्ये तो मूत्रमार्गाच्या तोंडापासून हळूहळू आत सरकू शकतो, हे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. हा रोग संसर्गजन्य नाही, तो कोणाकडून आलेला नाही आणि तुमच्याकडून कोणाला जाणारही नाही, हे वाक्य त्यांनी माझ्या पत्नीसमोर दोनदा उच्चारले. त्या एका गोष्टीसाठी मी या दवाखान्याला पूर्ण गुण देईन. अशा कातडीत क्वचित कर्करोग उद्भवू शकतो, म्हणून आणि निदान पक्के व्हावे म्हणूनही, त्यांनी छोटा तुकडा तपासणीला पाठवला.

धार मोजण्याची तपासणी इथे व्यवस्थित होते. नरसाळ्यासारख्या भांड्यात लघवी करायची आणि यंत्र कागदावर आलेख काढते. प्रौढ पुरुषाच्या धारेचा उच्चांक साधारणपणे सेकंदाला 15 मिलिलिटरच्या वर असावा लागतो. माझा 6 होता आणि जिथे टेकडी दिसायला हवी तिथे सपाट माळ दिसत होता. त्यानंतर सोनोग्राफीने मूत्राशयात किती लघवी उरली ते पाहिले आणि पुढच्या आठवड्यात मूत्रमार्गात डाय सोडून एक्स-रे काढला. ही तपासणी त्रासदायक आहे, आणि ती तशी आहे हे आधीच सांगितले गेले होते.

औषध म्हणून 0.05 टक्के क्लोबेटासोल प्रोपिओनेटचे मलम मिळाले: सुरुवातीला रोज रात्री एकदा, अगदी थोडे, आणि तीन महिन्यांनंतर हळूहळू कमी करत. हे तीव्र स्टेरॉइड आहे आणि घरात त्या शब्दाची भीती होती. किती लावायचे, कुठे लावायचे आणि कधी थांबायचे हे लिहून मिळाल्यामुळे ती भीती निवळली. मलमाने चिरा भरल्या, पण कातडी सैल झाली नाही, म्हणून सुंता करावी लागली. आपल्याकडे हा शब्द उच्चारताना लोक अडखळतात. डॉक्टरांनी तो दाढ काढण्याबद्दल बोलावे इतक्या सहजपणे उच्चारला. ती शस्त्रक्रिया इथेच झाली आणि जखम लवकर भरली.

आकुंचन मात्र लांब होते. पुन्हा पुन्हा सळी घालण्याने व्रण वाढतो, आणि दुरुस्तीसाठी तिथलीच कातडी वापरली तर त्या कातडीतही हा रोग परततो, म्हणून गालाच्या आतले अस्तर वापरायचे, असे त्यांनी सांगितले आणि लगेच तोंड उघडायला लावून तंबाखू, मावा, गुटखा यांची चौकशी केली. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी सोलापुरात हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण तोंड आवळलेल्या माणसाचे अस्तर या कामाला येत नाही. त्यानंतर ते जे म्हणाले ते मला महत्त्वाचे वाटते: आखूड आकुंचनाची शस्त्रक्रिया मी इथे करतो, पण एवढ्या लांबीच्या शस्त्रक्रियेसाठी तुम्ही पुण्याला जा. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करून अस्तर बसवण्याची जी पद्धत 2009 साली सहकाऱ्यांसह मांडली, तिचीही माहिती त्यांनी दिली. हातातला रुग्ण दुसरीकडे पाठवणारा डॉक्टर मी फार पाहिलेला नाही.

पुण्यात शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तीन आठवडे कॅथेटर होते आणि लघवीची पिशवी सांभाळत हुतात्मा एक्स्प्रेसने घरी आलो. गालातली जखम भरेपर्यंत कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन्ही बंद. दुधात कुस्करलेल्या मऊ भाकरीवर काढलेले ते दिवस मला टाक्यांपेक्षा जास्त आठवतात. त्या काळात ताप आला किंवा पिशवी रिकामी राहिली की या दवाखान्यात फोन केला आणि प्रत्येक वेळी उत्तर मिळाले.

उणिवाही आहेत. स्वागतकक्षातील मुलगी “काका, काय त्रास होतोय?” असे भरल्या खोलीत मोठ्याने विचारते, आणि अशा दवाखान्यात तरी हे चालू नये. अकराची वेळ दिली तर दीड वाजतो; मे महिन्यात बाहेर ऊन भाजत असताना कूलर बंद आणि स्वच्छतागृह एकच, त्यामुळे ज्यांना लघवी थांबवता येत नाही अशांचीच तिथे रांग लागते. बिल मात्र दरवेळी तपशीलवार मिळाले.

आता दर सहा महिन्यांनी धार मोजली जाते. शेवटचा आकडा 19 होता. कातडीची तपासणीही तेव्हाच होते आणि ती आयुष्यभर करावी लागेल असे सांगितले आहे. जाणाऱ्यांनी जुने एक्स-रे आणि आधीच्या उपचारांचे कागद सोबत न्यावेत, आणि लघवी तुंबवून जावे. निदान 150 मिलिलिटर झाली नाही तर आलेख ग्राह्य धरत नाहीत आणि पुन्हा पाणी पिऊन तासभर बसावे लागते.