लोडरचे फोर्क, आठ महिन्यांनंतर: पैसे वसूल, पण त्या पिनकडे बघा

इंदूरला देवास नाक्याकडच्या आमच्या यार्डात बायपासवर ठोकलेल्या गाड्या येतात आणि विम्याचा सर्व्हे होईपर्यंत उभ्या राहतात. चाकं जाम झालेली गाडी हलवायची म्हणजे हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलवायचा, फेरीचे पंधराशे. रंगपंचमीच्या आठवड्यात लोडरला फोर्क, म्हणजे बादलीऐवजी पुढे लागणारे L आकाराचे दोन लोखंडी दाते, घेतले आणि तो खर्च जवळजवळ थांबला. दिवाळीपर्यंत पैसे सुटले, हे आधीच सांगतो. माझं भांडण आहे ते एका पिनवरून.

फोर्क कॅरेजच्या, म्हणजे लोडरच्या पुढच्या चौकटीच्या, वरच्या पट्टीवर लटकतात. पट्टीला खाचा, आणि प्रत्येक फोर्कच्या डोक्यावर स्प्रिंगची पिन. पिन खाचेत बसली की फोर्क आडवा सरकत नाही. जुलैत ती बसलीच नव्हती. एक छोटी हॅचबॅक बाजूने उचलली होती, जमिनीपासून जेमतेम वीतभर. उतारावर लोडर वळला, एक फोर्क चार बोटं सरकला आणि इंजिनाकडची बाजू खाली झुकली. "भिया, हटो!" ओरडत ऑपरेटरने गाडी तिथेच टेकवली. जवळ कोणी नव्हतं, म्हणून बरं. दाराखालच्या पट्टीला पोचा आला. तो अपघातातला नाही, हे सर्व्हेयरला मीच सांगितलं आणि खर्च खिशातून भरला.

विक्रेत्याशी तीन आठवडे वाद चालला. त्यांचा माणूस आला, पिन दोनदा वरखाली करून दाखवली आणि कागदावर 'ऑपरेटरची चूक' लिहून गेला. तेव्हा लिहायला बसलो असतो तर हे फोर्क घेऊच नका म्हणालो असतो.

ऑगस्टमध्ये एका सकाळी स्वतः वर चढून पाहिलं. खाचेत आपली माळव्याची काळी माती ठासून भरलेली, वाळून दगड झालेली. पिनचं टोक त्या मातीवर टेकलं होतं. खालून बघणाऱ्याला पिन बसल्यासारखीच दिसत होती. म्हणजे स्प्रिंगला मी उगाच शिव्या दिल्या. पण पिन अर्धवट बसली आहे हे केबिनमधून कळू नये, ही बनवणाऱ्याची चूक आहे आणि त्यावर मी ठाम आहे. सांवेर रोडचा लेथवाला फोर्कवरच स्टॉपर वेल्ड करून द्यायला तयार होता. मी नको म्हणालो. फोर्कचं लोखंड उष्णतेची प्रक्रिया केलेलं असतं; वेल्डिंगच्या आचेने ते तिथेच कमजोर होतं. पिनच्या मानेवर लाल रंगाचा पट्टा ओढला, खर्च वीस रुपये. पट्टा दिसला तर पिन वर आहे, गाडी उचलायची नाही. शिवाय प्रत्येक वेळी उचलण्याआधी खाच स्क्रूड्रायव्हरने खरवडायची.

आता वजनाचं. पाटीवर २५०० किलो लिहिलंय, ते फोर्कच्या उभ्या अंगापासून ५०० मिलिमीटरवर. गाडी १.७ मीटर रुंद, म्हणजे तिच्या वजनाचा मध्य ८५० मिलिमीटरच्या आसपास येतो. तिथे फोर्कची ताकद उरते साधारण १४७० किलो. लोडरची स्वतःची मर्यादा वेगळी, ती त्याच्या तक्त्यातच बघायची. त्यात बूम, म्हणजे उचलणारा हात, वर्तुळात फिरतो, आडवा होईपर्यंत भार मशीनपासून लांबच जात राहतो. म्हणून आम्ही गाडी वीतभरच उचलतो, किंचित मागे कलवतो, रॅचेट पट्ट्याने बांधतो. दीड टनाच्या जीपला अजूनही हायड्राच.

फोर्क गाडीच्या मध्यावर लावू नका. इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांवर असलेल्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढेच असतं, त्यामुळे जोडी पुढच्या चाकांकडे सरकवावी लागते. पेट्रोलची टाकी बहुतेक वेळा मागच्या सीटखाली, प्लास्टिकची. आमचा पोरगा पलीकडून टॉर्च मारून फोर्कचं टोक कुठे आलंय ते सांगतो, गाडीखाली हातसुद्धा घालत नाही. इलेक्ट्रिक गाडीला फोर्क लावतच नाही. तिची बॅटरी तळाशीच पसरलेली असते.

झीजही मोजतो. फोर्क वळतो तिथे, टाचेला, नवा असताना ४५ मिलिमीटर होता, आता ४४ आहे. १० टक्के झीज म्हणजे ४०.५, आणि तोवर ताकद २० टक्के उतरलेली असते. तिथे आला की भंगारात, कितीही चांगला दिसो.

पिनची नवी जोडी, लांब मानेची, मागितली आहे. वॉरंटीचे चार महिने उरलेत. दर सोमवारी सकाळी दहाला फोन करतो.