तळ्याकाठची बदकं खुराड्यात आणायची कशी? दाणा, काठी की कोंडणं

अंधारायला लागलं की कोंबडी आपली आपण खुराड्यात शिरते. बदक शिरत नाही. त्याला रात्रीही पाणीच सुरक्षित वाटतं, आणि काळोख्या दारातून आत जायचं त्याच्या जिवावर येतं. नागपूरच्या आसपास हिंगणा, काटोल रोड, उमरेड रोड, जिथे जिथे लोकांनी शेततळ्याकाठी हौसेने बदकं पाळली आहेत तिथे हेच ऐकू येतं: घर चांगलं बांधलं, बदकं मात्र बाहेरच. पण पाणी त्यांना वाचवत नाही. मोकाट कुत्री पोहतात, रानमांजर पाण्याला बिचकत नाही, आणि काठावर झोपलेलं बदक कोल्ह्याला आयतंच सापडतं. शिवाय बदक अंडी बहुतेक पहाटे घालतं. सकाळी आठ-नऊपर्यंत आत असेल तर अंडी तणसात मिळतात, नाहीतर तळ्याच्या गाळात जातात.

आत आणण्याचे मार्ग तीन. पहिला दाण्याचा. दुपारनंतर बाहेरचा दाणा उचलायचा आणि संध्याकाळचं खाणं फक्त खुराड्यात द्यायचं, रोज तीच हाक, रोज तोच डबा वाजवून. यात बदकाला भीती बसत नाही, म्हणून मला हा सगळ्यांत आवडतो. याचा कमकुवतपणा पावसाळ्यात दिसतो. तळ्यात गोगलगायी, किडे, शेवाळ भरपूर असतं, बदकं पोट भरून बसलेली असतात आणि डब्याकडे बघतही नाहीत. उन्हाळ्यात हाच उपाय फार लवकर लागू पडतो. एक पथ्य मात्र पाळा: दाण्याशेजारी पाण्याचं घमेलं हवंच, कारण बदक कोरडा दाणा पाण्याच्या घोटाबरोबर गिळतं आणि पाणी नसेल तर तो घशात अडकतो. खाणं झालं की उरलेला दाणा उचला. तो पडून राहिला तर उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप.

दुसरा मार्ग हाकून नेण्याचा. बदकं कळपाने चालतात, त्यामुळे हे कोंबड्यांपेक्षा पुष्कळ सोपं. दोन लांब बांबू दोन्ही हातांत आडवे धरायचे आणि मागून अगदी संथ चालायचं. दाराच्या दोन्ही बाजूंना हिरवी शेडनेट तिरकी बांधली की वाट आपोआप निमुळती होते. पहिल्याच दिवशी उपयोग होणारा मार्ग हाच, पण रोज माणूस लागतो, आणि बदकं तळ्याच्या मधोमध असली तर एकट्याचं काम नाही. दोघांनी दोन काठांवरून दोर ताणून पाण्यावरून सरकवत आणावा लागतो. दगड मारू नका. पायाला धरून तर कधीच उचलू नका, बदकाचे पाय नाजूक असतात आणि लंगडलेलं बदक महिनाभर लंगडतं. वेळ घड्याळावर नाही, सूर्यावर ठरवा. नागपुरात डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातला. त्याच्या अर्धा तास आधी निघा.

तिसरा मार्ग कोंडण्याचा: नवी बदकं आणली की आठवडाभर खुराडं आणि त्याला लागून जाळीचं छोटं अंगण, एवढंच त्यांचं जग. हेच आपलं घर ही खूण एकदा पक्की झाली की पुढचं सगळं हलकं होतं. डोळे आणि नाकपुड्या धुण्यापुरतं डोकं बुडेल एवढं खोल पाणी मात्र आत ठेवावंच लागतं. पहिल्यांदा सोडताना संध्याकाळी सोडा, दाण्याच्या तासभर आधी, उपाशीपोटी, म्हणजे ती लांब जात नाहीत. मे महिन्यात हा प्रयोग करू नका. पारा ४५ च्या वर असताना टिनाच्या छपराखाली कोंडलेलं बदक चोच उघडून धापा टाकतं आणि दगावतंही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ.

तिन्ही मार्ग फसतात ते बहुधा दारापाशी. नीट पाहा: कळप उंबऱ्याशी येतो, माना लांब करतो, पुढचं बदक मान कलती करून एका डोळ्याने आत बघतं आणि सगळी मागे वळतात. आत काळोख दिसलेला असतो. समोरच्या भिंतीला जाळीची खिडकी ठेवा, किंवा आत छोटा सोलर दिवा लावा. दार दोन फूट रुंद हवं, कारण बदकं एकामागून एक जात नाहीत, घोळक्याने घुसतात. उतार सौम्य करून त्यावर पोतं ठोका. प्रत्येक बदकामागे चार चौरस फूट जागा धरा. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या, कोंबड्यांची षटकोनी जाळी कुत्रं फाडतं. छपरावर तणसाचा जाड थर टाकला तर उन्हाचा बराच ताप कमी होतो. खाली अंथरलेलं तणस पावसाळ्यात बुरशीचं झालं की लगेच बदला, त्या बुरशीने बदकांची फुप्फुसं बिघडतात.

तुमच्या शेततळ्याला पन्नीचं अस्तर असेल तर सगळ्याआधी तिथे लक्ष द्या. ओल्या पन्नीवरून बदकाला चढताच येत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की उतार आणखी लांबतो. दोराला बांधलेली पोती किंवा जुनं जाळं काठावरून थेट पाण्यात सोडा. वर यायची वाट नसेल तर डबा कितीही वाजवा.

नवी बदकं आणणार असाल तर माझं मत सरळ आहे: आधी कोंडणं, मग दाणा. आधीच तळ्यावर रुळलेल्या बदकांना कोंडू नका, ती बिथरतात. त्यांना काही दिवस बांबूने हाका आणि आत दाणा तयार ठेवा, हळूहळू बांबू सुटतो. संध्याकाळी घरी कोणीच नसेल तर आपोआप बंद होणाऱ्या दारावर पैसे घालू नका. दार वेळेवर बंद होईल आणि बदकं बाहेर राहतील. अशांनी वरूनही जाळी असलेलं बंदिस्त अंगण आणि त्यातच छोटं टाकं करावं. मस्कोव्ही जातीची बदकं पाळणाऱ्यांनाही तेच सांगेन, कारण ती उडून झाडावर बसतात आणि तिथे बांबूही पोचत नाही.